मालिका कुठे तोडायची? क्वांटम फील्ड थिअरीतलं पर्टर्बेटिव्ह आणि नॉन-पर्टर्बेटिव्ह

त्रिज्या

म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावाच्या) धाग्यावर उणे_एक यांनी जाता जाता एक काडी टाकली होती: "इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व बारा-तेरा अंकांपर्यंत काढून दाखवता, मग साध्या प्रोटॉनचं वस्तुमान काढायला सुपरकॉम्प्युटर कशाला लागतो?" टोमणा होता, पण प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. तिथे उत्तर दिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढला.

इलेक्ट्रॉनपासून सुरू करते. डिरॅकच्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा जी-फॅक्टर, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाचं माप, बरोबर २ येतो. १९४७ साली कुश आणि फोली यांनी तो मोजला तर २ पेक्षा किंचित जास्त भरला. इलेक्ट्रॉन स्वतःच फोटॉन सोडतो आणि स्वतःच परत घेतो, त्याचा हा परिणाम. श्विंगरने त्याची पहिली दुरुस्ती काढली: अल्फा भागिले दोन पाय, म्हणजे ०.००११६. (हे सूत्र त्याच्या कबरीच्या दगडावर कोरलंय.) अल्फा म्हणजे विद्युतचुंबकीय बलाची ताकद, साधारण १/१३७. पुढची दुरुस्ती अल्फाच्या वर्गाची, मग घनाची, असं करत जायचं. प्रत्येक पायरीला फाइनमनच्या आकृत्या काढायच्या आणि एकेक सोडवायची. पहिल्या पायरीला आकृती १, मग ७, मग ७२, मग ८९१, आणि पाचव्या पायरीला १२,६७२. किनोशिता, आओयामा, हायाकावा आणि निओ या चौघांनी ही पाचवी पायरी २०१२ मध्ये पूर्ण केली. प्रयोगाच्या बाजूने गॅब्रिएल्सच्या गटाचं २०२३ चं मोजमाप असं: जी भागिले २ बरोबर १.००११५९६५२१८०५९, शेवटच्या दोन अंकांत १३ ची अनिश्चितता. आता अडचण अशी की तुलना करायला अल्फा दुसऱ्या प्रयोगातून घ्यावा लागतो, आणि बर्कलीचा सीझियमवाला अल्फा आणि पॅरिसचा रुबिडियमवाला अल्फा यांचंच आपसात पटत नाही. तो वेगळा तमाशा.

याला म्हणायचं पर्टर्बेटिव्ह पद्धत. बल लहान आहे असं धरून त्याच्या घातांची मालिका मांडायची आणि झेपेल तिथपर्यंत बेरीज करायची.

आता प्रोटॉन. त्यात दोन अप क्वार्क आणि एक डाऊन. अपचं वस्तुमान २ एमईव्हीच्या (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक) थोडं वर, डाऊनचं ५ च्या थोडं खाली. तिघांची बेरीज ९ च्या आसपास. प्रोटॉनचं वस्तुमान मात्र ९३८ एमईव्ही! ९९ टक्के माल कुठून आला? क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून. ही ऊर्जा काढायला मालिका का चालत नाही, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी "तिथे बल मोठं असतं म्हणून" असं एका वाक्यात उरकतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

१९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पॉलिट्झर यांनी दाखवलं की क्यूसीडीचं (क्वार्क-ग्लुऑनच्या सिद्धांताचं) बल जवळून पाहिलं तर कमी होतं आणि लांबून वाढतं (२००४ चं नोबेल). ऊर्जा जास्त म्हणजे अंतर कमी. झेड बोसॉन या जड कणाच्या ऊर्जेला त्याची ताकद ०.११८, प्रोटॉनच्या आकाराइतक्या अंतरावर १ च्या घरात. बल ज्या ऊर्जेच्या आसपास हाताबाहेर जातं तिला लॅम्डा म्हणतात, दोन-तीनशे एमईव्ही. प्रोटॉनचं वस्तुमान याच लॅम्डाच्या पटीत येतं. आणि लॅम्डाचं सूत्र पाहा: ई चा घात उणे (स्थिरांक भागिले जी वर्ग). इथे जी म्हणजे बलाचा स्थिरांक. या फलाची जी = ० भोवती टेलर मालिका काढा. पहिलं पद शून्य. दुसरं शून्य. शंभरावंही शून्य. म्हणजे क्वार्क वजनहीन धरले तर पर्टर्बेशनच्या कुठल्याही पायरीला प्रोटॉनचं वस्तुमान शून्यच येणार, १२,६७२ काय, १२ कोटी आकृत्या काढल्या तरी.

माझं म्हणणं एवढंच की नॉन-पर्टर्बेटिव्ह म्हणजे मालिकेच्या शेवटी उरलेली चिल्लर नव्हे. आपल्याकडच्या एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात तो भाग वेळ उरला तर घेतात, आणि पोरं बाहेर पडतात ती हाच समज घेऊन. तुमचं माझं वजन त्या चिल्लरीतून आलंय.

खडकवासला_एक्सप्रेस
जागा राखीव

सावकाश वाचून लिहितो. वाखू साठवली आहे.

उणे_एक
अर्धं पटलं

धन्यवाद, टोमण्याला एवढं मोठं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रोटॉनचं पटलं. पण मग इलेक्ट्रॉनची मालिका तरी पूर्ण खरी ना? बल १/१३७, प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान. कुणी दोनशे पायऱ्या काढल्या तर दोनशे पायऱ्यांइतकं अचूक उत्तर येईल. तिथे नॉन-पर्टर्बेटिव्हचं काय काम?

त्रिज्या
नाही ना!

गंमत तिथेच आहे. १९५२ मध्ये डायसनने दोनेक पानांत दाखवलं की क्यूईडीची (इलेक्ट्रॉन-फोटॉनच्या सिद्धांताची) मालिका अभिसारी, म्हणजे बेरीज एका ठरावीक आकड्याकडे जाणारी, असूच शकत नाही. युक्तिवाद इतका सोपा आहे की आकडेमोड लागत नाही. समजा, विद्युतभाराच्या वर्गाचं चिन्ह उणे केलं. आता सजातीय भार एकमेकांना ओढतील. पोकळीतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या काढा, सगळे इलेक्ट्रॉन एका कोपऱ्यात ढकला, पॉझिट्रॉन दुसऱ्या. जोड्या काढायचा खर्च त्यांच्या संख्येच्या प्रमाणात, ओढीतून मिळणारी ऊर्जा संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात. पुरेसे कण घेतले की फायदा खर्चाच्या पुढे जाणार, आणि पोकळी कोसळत राहणार. म्हणजे उणे बाजूला सिद्धांतच उभा राहत नाही. पण शून्याभोवती अभिसारी असलेली मालिका दोन्ही बाजूंना चालायला हवी, कितीही थोडी असो. सबब, अभिसरणाची त्रिज्या शून्य. (माझ्या आयडीचा याच्याशी संबंध नाही.)

दोनशे पायऱ्या काढल्या तर उत्तर सुधारणार नाही, बिघडेल. साधारण १३७ व्या पदाच्या आसपास पदं लहान व्हायची थांबतील आणि मग वाढत सुटतील.

हात लावून बघायचं असेल तर फील्ड थिअरी बाजूला ठेवा. एकच चल घ्या, क्ष. ई चा घात उणे (क्ष वर्ग भागिले २, अधिक ग गुणिले क्ष चा चौथा घात), याचं उणे अनंत ते अनंत संकलन करा आणि दोन पायच्या वर्गमुळाने भागा. ग म्हणजे बलाचा स्थिरांक. आता ग च्या घातांत मालिका मांडा: १ − ३ग + ५२.५ग² − १७३२.५ग³ … प्रत्येक पदाचा सहगुणक म्हणजे त्या पायरीच्या आकृत्यांची भारित मोजदादच. ग = ०.०१ ठेवा आणि मजा बघा.

माचीवरचा
करून पाहिलं

पायथनमध्ये चार ओळी. खरं उत्तर (थेट संकलन करून) ०.९७४०५.

पदांचा आकार चिन्ह सोडून: पहिलं ०.०३, दुसरं ०.००५२५, तिसरं ०.००१७३, चौथं ०.०००८४, पाचवं ०.०००५५, सहावं ०.०००४४, सातवं ०.०००४२. आणि इथून गाडी उलटी फिरते. आठवं ०.०००४८, दहावं ०.०००८८, पंधरावं ०.०२२, विसावं ३.२८.

सहाव्या पदापर्यंत बेरीज ०.९७४२६, सातव्यापर्यंत ०.९७३८३. खरं उत्तर दोहोंच्या मधे. विसाव्या पदापर्यंत बेरीज केली तर ३.४५. अहो, जे संकलन ग वाढला की कमीच होत जातं आणि १ च्या वर जाऊच शकत नाही, त्याचं उत्तर ३.४५!

बलाचा स्थिरांक एक शतांश आहे इथे, "लहान" म्हणायला कुणाची हरकत नसावी.

उणे_एक
अरे बापरे

म्हणजे सातव्या पदाला थांबायचं आणि पुढे बघायचंच नाही? हे गणित झालं की सोय?

त्रिज्या

गणितच. अशा मालिकेला असिम्प्टॉटिक म्हणतात. सगळ्यात लहान पदापाशी थांबलात की चूक त्या पदाच्या आकाराची राहते, त्याहून कमी या मार्गाने होत नाही. ग जितका लहान तितकं ते लहान पद उशिरा येतं आणि तितकी चूक बारीक. क्यूईडीत आपण पाचव्या पायरीवर आहोत, कडा १३७ च्या आसपास. त्यामुळे आपल्या हयातीत तिथे कुणी पडत नाही. क्यूसीडीत प्रोटॉनच्या अंतरावर पहिलं पाऊल टाकलं की संपलं.

आणि शिल्लक राहिलेली चूक कशी असते? ई चा घात उणे (काहीतरी भागिले ग), तीच जात जी लॅम्डाच्या सूत्रात दिसली. क्यूईडीतही ती आहे. श्विंगरनेच १९५१ मध्ये काढलं: प्रचंड विद्युतक्षेत्रात पोकळीतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या आपोआप निघतात, आणि त्याचा दर ई च्या उणे (पाय गुणिले वस्तुमानाचा वर्ग, भागिले भार गुणिले क्षेत्र) घातासारखा. भार छेदात असल्यामुळे आकृत्यांच्या कुठल्याही पायरीला हा परिणाम दिसत नाही. त्याला लागणारं क्षेत्र मीटरला १० च्या १८ व्या घाताइतके व्होल्ट, म्हणून प्रयोगशाळेत अजून थेट पाहिलेलं नाही. सुपरकंडक्टिव्हिटीच्या बीसीएस सिद्धांतात (१९५७) तर हीच जात धातूच्या तारेत बसलीय: ऊर्जेची फट ई च्या उणे (१ भागिले बल) घाताच्या प्रमाणात. आधीची कितीतरी वर्षं थोरामोठ्यांना ते सुटलं नाही, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता.

शर्मिष्ठा_परदेशी
जरा दुसरी बाजू

मी एलएचसीच्या (जिनिव्हाजवळच्या प्रोटॉन आदळवणाऱ्या यंत्राच्या) डेटावर काम करते, त्यामुळे पर्टर्बेशनची वकिली करणं माझं कर्तव्य आहे. :)

त्रिज्या, तुमचा मुद्दा बरोबर, पण वाचणाऱ्याचा समज होईल की क्यूसीडीत मालिका निरुपयोगी. तसं अजिबात नाही. दोन प्रोटॉन आदळून हिग्ज तयार होण्याची शक्यता घ्या, १३ टीईव्ही ऊर्जेला. पहिल्या पायरीला १६ पिकोबार्न (अशी शक्यता मोजायचं एकक). दुसरी पायरी आणखी २०.८ घालते! म्हणजे "दुरुस्ती" मुळापेक्षा मोठी. तिसरी ९.६, चौथी १.५. क्वार्कच्या वस्तुमानाचे आणि इलेक्ट्रोवीक बारकावे धरून एकूण ४८.६. चौथी पायरी २०१५ मध्ये अनास्तासिऊ आणि सहकाऱ्यांनी काढली नसती तर हिग्जची मोजमापं कशाशी ताडून पाहायची तेच कळलं नसतं. तिसऱ्या पायरीवर ज्या मोजक्या गटांनी काम केलं त्यात २००३ चा रवींद्रन, स्मिथ आणि व्हान नीर्वेन यांचा गट होता. रवींद्रन म्हणजे चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसचे.

आणि एलएचसीवर या दोन पद्धती एकाच सूत्रात शेजारी बसतात. प्रोटॉनच्या आत कुठला क्वार्क किंवा ग्लुऑन किती संवेग घेऊन फिरतोय हे नॉन-पर्टर्बेटिव्ह. ते मोजून घ्यायचं, मुख्यतः हॅम्बुर्गच्या हेरा यंत्राच्या डेटावरून. पण एका ऊर्जेला मोजलेलं दुसऱ्या ऊर्जेला कसं दिसेल हे पर्टर्बेटिव्ह. त्यामुळे २००७ मध्ये बंद पडलेल्या यंत्राचा डेटा आज आमच्या रोजच्या कामात असतो. क्वार्क-क्वार्कची टक्कर आकृत्यांनी सोडवायची, प्रोटॉनच्या आतलं वाटप बाहेरून आणायचं, दोन्हींचा गुणाकार. फॅक्टरायझेशन म्हणतात त्याला. हे वेगळं करता येतं म्हणूनच आमची नोकरी चालते.

गोदाकाठ

छान चाललंय. मूळ धाग्यावरचं म्युऑनचं शेवटी काय झालं ते कुणी सांगेल का? २०२१ मध्ये पेपरात "नवं बल सापडलं" असं छापून आलं होतं, आता सगळे चिडीचूप.

शर्मिष्ठा_परदेशी
@गोदाकाठ

या धाग्याला याहून चपखल उदाहरण नाही. आकडे म्युऑनच्या (जी-फॅक्टर उणे २) भागिले २ चे आहेत, एकावर अकरा शून्यांनी भागून वाचा.

प्रयोग (२०२५ ची जागतिक सरासरी, अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेच्या अंतिम निकालासह): ११,६५,९२,०७१.५, मागेपुढे १४.५.
सिद्धांत, २०२० चा: ११,६५,९१,८१०, मागेपुढे ४३.
सिद्धांत, २०२५ चा: ११,६५,९२,०३३, मागेपुढे ६२.

यातला निव्वळ क्यूईडीचा भाग, तेच १२,६७२ आकृत्यांवाले प्रकरण: ११,६५,८४,७१९, अनिश्चितता ०.१. नीट बघा. एकूण आकड्याचा ९९.९९ टक्क्यांहून जास्त भाग मालिकेतून आला आणि त्यातली चूक नगण्य. सगळी भानगड उरलेल्या ७,००० च्या भागात. म्युऑनने सोडलेला फोटॉन वाटेत क्षणभर क्वार्कच्या जोडीत मोडतो आणि परत फोटॉन होतो, त्याचं हे योगदान. ऊर्जा कमी, बल मोठं, मालिका बाद. लग्नाच्या खर्चाचा हिशोब हॉल, जेवण, सोनं सगळं पै-पैला जुळलाय आणि भांडण अडलंय मानपानाच्या पाकिटांवर, तसं.

ते ७,००० काढायचे दोन रस्ते. एक, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आदळून पायॉन वगैरे क्वार्कचे बनलेले कण किती निघतात ते मोजायचं आणि त्यावरून संकलन करायचं. २०२० मध्ये याच रस्त्याने ६,९३१ धरले होते. दोन, लॅटिसवर, म्हणजे संगणकातल्या जाळीवर, थेट गणित. बीएमडब्ल्यू नावाच्या गटाने (गाडीवाले नव्हेत, बुडापेस्ट-मार्सेल-वुपर्टाल) ते केलं आणि आकडा जास्त आला. त्यांचा पेपर आणि फर्मिलॅबचा पहिला निकाल एकाच दिवशी, ७ एप्रिल २०२१ ला बाहेर पडला. पेपरांनी अर्थातच दुसरा छापला. पुढे २०२३ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या सीएमडी-३ प्रयोगाने नवं मोजमाप दिलं, ते जुन्या मोजमापांशी जुळेना आणि लॅटिसच्या बाजूला झुकलं. इतर लॅटिस गटांचे आकडेही तिकडेच गेले. २०२५ मध्ये सिद्धांतवाल्यांनी लॅटिसचा आकडा घेतला, ७,१३२. प्रयोग आणि सिद्धांत यातला फरक आता ३८, अनिश्चितता ६३. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना.

मोजमापं एकमेकांशी का जुळत नाहीत हे मात्र अजून उलगडलेलं नाही. त्यामुळे "नवं बल गेलं" असंही छातीठोक म्हणू नये.

उणे_एक

लॅटिस लॅटिस सगळे म्हणतात. नेमकं करतात काय? आणि मालिका नाही तर मग गणित कसलं?

कोलाबा_कॉजवे
लॅटिसबद्दल थोडं

हा माझा जुना विषय, म्हणून लिहितो. अवकाश-काळाची चौमितीय जाळी करायची. कल्पना केनेथ विल्सनची, १९७४. संगणकावर पहिली खरी आकडेमोड मायकेल क्रॉइट्झने १९७९-८० च्या सुमारास केली. काळ "काल्पनिक" करायचा, म्हणजे क्वांटमचं गणित संभाव्यतेच्या गणितासारखं दिसू लागतं: प्रत्येक मांडणीला ई च्या उणे ॲक्शन (त्या मांडणीवरून काढलेला एक आकडा) घाताइतकं वजन. मग पत्ते पिसल्यासारख्या यादृच्छिक मांडण्या त्या वजनाने निवडायच्या आणि सरासरी घ्यायची. बल लहान असल्याची अट कुठेच येत नाही.

जाळी केवढी? समजा ६४ × ६४ × ६४, आणि काळाच्या दिशेने १२८. झाले ३ कोटी ३५ लाख बिंदू. प्रत्येक बिंदूतून चार दिशांना दुवे, प्रत्येक दुव्यावर ३ × ३ चा एक मॅट्रिक्स. म्हणजे १३ कोटी ४२ लाख मॅट्रिक्स, ही फक्त एक मांडणी. अशा शेकडो, हजारो लागतात. उणे_एक, सुपरकॉम्प्युटर इथे लागतो.

वस्तुमान कसं वाचायचं? जाळीवर एका काळाला तीन क्वार्क ठेवायचे, दुसऱ्या काळाला उचलायचे. दोघांतला परस्परसंबंध काळ वाढेल तसा घातांकी पडत जातो, पडण्याचा वेग म्हणजे वस्तुमान. लॉग घेऊन आलेख काढला की सरळ रेषा, तिचा उतार वाचला की झालं. २००८ मध्ये बीएमडब्ल्यू गटाने असंच प्रोटॉन-न्यूट्रॉनचं वस्तुमान काढलं: ९३६ एमईव्ही, सगळी मिळून अनिश्चितता ३३ च्या आसपास. २०१५ मध्ये त्याच मंडळींनी न्यूट्रॉन आणि प्रोटॉनमधला फरक काढला: १.५१, मागेपुढे ०.२८. मोजलेला १.२९. एवढासा फरक उलट दिशेला असता तर हायड्रोजन टिकला नसता, म्हणून या आकड्याचं मला जास्त कौतुक.

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये यावर बरंच काम झालंय. राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांचं नाव या विषयात जगभर घेतलं जातं. त्यांनी हात घातला तो सगळ्यात किचकट कोपऱ्याला: क्वार्कची घनता जास्त असेल तेव्हा काय होतं, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातली किंवा जड अणुकेंद्रकं आदळल्यावरची अवस्था. तिथे ते "वजन" काल्पनिक संख्या होऊन बसतं, आणि उणे किंवा काल्पनिक संभाव्यतेने पत्ते पिसता येत नाहीत. याला साइन प्रॉब्लेम म्हणतात आणि तो आजही उभा आहे. या दोघांनी काय केलं, तर घनता शून्य असताना लॅटिसवर सगळं काढलं आणि घनतेच्या घातांत टेलर मालिका मांडली. त्रिज्याताईंच्या धाग्यासाठी मजेची गोष्ट: नॉन-पर्टर्बेटिव्ह पद्धत अडली तिथे पुन्हा मालिकाच धावून आली, फक्त या वेळी ती बलाच्या घातांची नव्हती. मालिका कुठे फुटते हे पाहून क्रिटिकल पॉइंट, म्हणजे पदार्थाची अवस्था जिथे बदलते त्या सीमारेषेचं टोक, कुठे असेल याचा अंदाज त्यांनी बांधला.

२०११ मध्ये गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये लॅटिसचे आकडे आणि न्यूयॉर्कजवळच्या आरएचआयसी यंत्राचा डेटा शेजारी ठेवून संक्रमणाचं (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क-ग्लुऑन मोकळे होण्याचं) तापमान १७५ एमईव्ही काढलं होतं. नंतरच्या थेट लॅटिस गणितांत ते १५६-१५७ वर स्थिरावलं.

खडकवासला_एक्सप्रेस

राखीव जागेत आलो. यांग-मिल्सच्या (क्यूसीडीमागच्या, क्वार्क वगळलेल्या सिद्धांताच्या) "मास गॅप"वर, म्हणजे सगळ्यात हलक्या कणाचंही वस्तुमान शून्य नसतं हे सिद्ध करण्यावर, क्ले इन्स्टिट्यूटचं दहा लाख डॉलरचं बक्षीस २००० सालापासून लागलंय ना? काका, लॅटिसवर वस्तुमान निघालंय तर तुम्हीच का नाही घेत? जीपे नंबर व्यनि करतो.

कोलाबा_कॉजवे

हाहा. संगणकावर उत्तर आलं म्हणजे सिद्धता झाली असं गणितवाले मानत नाहीत. जाळीची वीण बारीक करत शून्यावर नेली की सिद्धांत टिकतो आणि वस्तुमान शून्य होत नाही, हे कागदावर काटेकोर दाखवायचंय. आम्हाला आलेखावर दिसतं, त्यांना सिद्ध हवं. दहा लाख तसेच पडून आहेत.

गोदाकाठ
अवांतर

टीआयएफआरचा विषय निघालाय म्हणून. होमी भाभांचं नाव पर्टर्बेशनच्या इतिहासातही आहे हे कमी लोकांना माहीत असतं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात हे त्यांनी केंब्रिजमध्ये असताना काढलं, पेपर १९३६ चा. आजच्या भाषेत पहिल्या पायरीच्या दोन आकृत्या. तेव्हा फाइनमनच्या आकृत्या नव्हत्याच.

जिनिव्हाच्या एलईपी यंत्रात किती टकरी झाल्या हे मोजायला हेच भाभा स्कॅटरिंग वापरत. त्यावरून न्यूट्रिनोचे प्रकार किती ते काढलं तर आलं २.९८४०, मागेपुढे ०.००८२. तीनच्या थोडं खाली, त्यामुळे अनेकांना खटकायचं. यंत्र बंद पडून वीसेक वर्षं झाल्यावर, टकरींमधला एक सुटलेला परिणाम धरून आणि भाभांच्या सूत्राच्या पुढच्या दुरुस्त्या नीट करून, यानो आणि याडाख यांनी पुन्हा हिशोब केला: २.९९६३, मागेपुढे ०.००७४. एकही नवी टक्कर न करता.

शर्मिष्ठा_परदेशी

+१. हे आमच्याकडे नव्या पोरांना आवर्जून सांगतात.

माचीवरचा
एक शंका

रात्री परत तेच कोड चालवत बसलो होतो. पदं सातव्याला का उलटली? मी सलग दोन पदांचं गुणोत्तर काढलं, त्याला पदाच्या क्रमांकाने आणि ग ने भागलं. विसाव्या पदाला १५.२ आलं. शंभराव्याला १५.८४. हे १६ कडे चाललंय. हे १६ कुठून आले? मालिकेत तर कुठेच दिसत नाहीत.

त्रिज्या
याचीच वाट पाहत होते

संकलनाच्या आतल्या घातात जे आहे त्याचं विकलन करून शून्य ठेवा: क्ष अधिक ४ग गुणिले क्ष घन. एक उत्तर क्ष = ०, जिच्याभोवती आपण मालिका मांडली. पण अजून दोन उत्तरं आहेत, काल्पनिक: क्ष वर्ग = उणे १ भागिले ४ग. ही किंमत परत घातात ठेवा. येतात उणे १ भागिले १६ग. हे तुमचे १६.

आपण शून्याभोवती मालिका मांडली, त्या लांबच्या काल्पनिक बिंदूंना हातही लावला नाही. तरी पदं कशी वाढणार हे ते बिंदू ठरवतात. ग = ०.०१ ला १ भागिले १६ग म्हणजे ६.२५, म्हणून पदं सहाव्या-सातव्याला उलटली. फील्ड थिअरीत अशाच बिंदूंना इन्स्टँटॉन म्हणतात. यांग-मिल्समधला १९७५ मध्ये बेलाविन, पॉल्याकोव, श्वार्ट्झ आणि ट्यूपकिन यांना सापडला, त्याची ॲक्शन ८ पाय वर्ग भागिले जी वर्ग. बेंडर आणि वू यांनी १९६९ मध्ये ॲनहार्मोनिक ऑसिलेटरसाठी (क्ष च्या चौथ्या घाताचं पद जोडलेल्या स्प्रिंगसाठी) पदांची वाढ मोजली. एकाल या फ्रेंच गणितज्ञाने १९८० च्या दशकात याचं पूर्ण शास्त्र बांधलं, रिसर्जन्स. त्यानुसार मालिकेच्या पदांच्या वाढीतच नॉन-पर्टर्बेटिव्ह भागाची माहिती दडलेली असते, काढता आली पाहिजे. तुम्ही पायथनमध्ये काल रात्री तेच केलंत.

मूळचे कोल्हापूरकडचे अतीश दाभोलकर (सध्या इटलीतल्या ट्रिएस्टच्या आयसीटीपीचे संचालक) यांनी गोम्स आणि समीर मूर्ती यांच्याबरोबर स्ट्रिंग थिअरीतल्या एका खास कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीचं असंच काम केलंय. घातांकी लहान पदं एकेक करून मिळवत गेलं की बेरीज पूर्णांकाकडे सरकते, आणि कृष्णविवराच्या अवस्था मोजल्या तर यायला पूर्णांकच हवा.

उणे_एक

मग क्यूसीडीतही हेच करा. पदं काढा, वाढ बघा, प्रोटॉन काढा. जाळी कशाला?

त्रिज्या

प्रयत्न झालाय. बाली, बाउअर आणि पिनेडा यांनी २०१४ मध्ये लॅटिसवरच, आकृत्या न काढता संगणकाकडून, क्वार्क नसलेल्या क्यूसीडीतल्या प्लॅकेट नावाच्या एका राशीची तब्बल ३५ पदं काढली. पदं वाढली, आणि थिअरीने सांगितलेल्या चालीनेच वाढली. पण ती वाढ इन्स्टँटॉनची नव्हती. क्यूसीडीत त्याच्याआधी दुसरंच काहीतरी आडवं येतं, रेनॉर्मलॉन. कमी ऊर्जेच्या ग्लुऑनमुळे एकाच प्रकारच्या आकृत्यांची मालिका फुगत जाते. माचीवरचा यांच्या १६ ला काल्पनिक बिंदूचा पत्ता होता. रेनॉर्मलॉनला असा पत्ता आहे का, यावर डन आणि उन्साल यांनी दुमडलेल्या जागेतल्या सिद्धांतांत बरंच काम केलंय, आणि तिथे काही ठिकाणी तो सापडतोही. आपल्या चार मितींच्या मोकळ्या जागेत अजून नाही. तोवर काकांचे १३ कोटी ४२ लाख मॅट्रिक्स.